ड्रोन धडधाकट, अडला फोनवर

तुळशीच्या लग्नानंतरचा आठवडा, म्हणजे आमच्या ड्रोन दुरुस्तीच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. गडहिंग्लजकडचा लग्नाचं शूटिंग करणारा एक पोरगा आठ वर्षांचा ड्रोन घेऊन आला. "दादा, कॅमेरा थरथरतोय आणि नव्या फोनवर चित्रच येईना. मंगळवारी सुपारी आहे."

थरथरण्याचं कारण लगेच सापडलं. गिम्बलची, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणाऱ्या भागाची, फ्लेक्स केबल वळणावर तडकली होती. कागदाएवढी पातळ पट्टी, तीन छोट्या मोटरींना वळसे घालत कॅमेऱ्यापर्यंत जाते. एका वळशाला जरी ताण राहिला, तरी टेबलावर सगळं ठीक दिसतं आणि हवेत पंधरा मिनिटांत ती पुन्हा तुटते. युट्यूब बघून घरीच खोलणारे नेमके इथेच फसतात. मायक्रोस्कोपखाली दोन तास घालवून बसवली. पाती काढून मोटरी फिरवल्या. चारही एका सुरात.

चित्र मात्र येईना. ड्रोनचं चित्र फोनवर दाखवणारं अ‍ॅप जुनं, ३२ बिटचं, म्हणजे जुन्या धाटणीच्या फोनांसाठी बनवलेलं. काही नव्या फोनांनी ३२ बिट चालवणंच सोडलंय, त्याचा फोन त्यातलाच. आणि कंपनीने या मॉडेलचे अपडेट कधीच थांबवलेले.

"ड्रोन चांगला हाय तर कंपनी का सोडते?"

त्याला सांगितलं ते असं. फर्मवेअरमध्ये, म्हणजे ड्रोनच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये, एक ओळ बदलली तरी ड्रोन, रिमोट, बॅटरी तिन्ही जुळवून पुन्हा उडवून बघावं लागतं, कारण चूक झाली तर यंत्र कुणाच्या तरी डोक्यावर पडतं. आतली व्हिडिओची चिप बनवणारा दुसराच. त्याने हात काढला की ड्रोन कंपनीचेही हात बांधले जातात. शिवाय नियम बदलतात. अमेरिकेत २०२३च्या सप्टेंबरपासून बहुतेक ड्रोनांनी उडताना आपली ओळख आणि ठिकाण प्रसारित करायचं आहे. अशा कामाला माणसं नव्या मॉडेलवरच लावतात. जुन्याचे पैसे एकदाच येऊन गेलेले असतात.

इथवर मला कंपनीचं पटतं. नव्या सोयी नका देऊ. पण फोनवरचं अ‍ॅप तेवढं चालतं ठेवायला हवं होतं. ते बंद पडलं की उडणारा ड्रोन नुसता डबा होतो. "नवा घे" म्हणणंही सोपं नाही: फेब्रुवारी २०२२पासून आपल्याकडे परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे.

त्याने घरी फोन लावला. संध्याकाळच्या एसटीने बहीण आईचा जुना फोन घेऊन आली. काचेला तडा, मागे अंबाबाईचं स्टिकर. त्यावर त्या अ‍ॅपची जुनी एपीके, म्हणजे अ‍ॅप बसवायची फाइल टाकली, सिम काढलं, ऑटो अपडेट बंद केलं. चित्र आलं! पोरगा काही बोलला नाही, नुसता स्क्रीनकडे बघत राहिला. आईचं सिम त्याने तिथेच आपल्या नव्या फोनमध्ये घातलं आणि तो बहिणीच्या हातात दिला.

"किती दिवस चालंल, दादा?"

मी जुना फोन उलटा केला. पाठ किंचित फुगलेली होती. त्याला थांबवून आधी ती बॅटरी बदलायला घेतली.