फाशीला विरोध करणारे त्या दिवशी काय बोलतात?

हा प्रश्न मला पोवई नाक्यावर भाजी घेताना विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, व्याख्यान संपल्यावर दारात थांबवून विचारतात. फाशीच्या शिक्षेला विरोध करणाऱ्या एका छोट्या संस्थेची प्रसिद्धीची बाजू मी साताऱ्यातून सांभाळते. पत्रकं लिहायची, बातमीदारांचे फोन घ्यायचे, न्यायालयाचा निकाल आला की त्यात काय म्हटलंय ते साध्या मराठीत मांडायचं, हे माझं काम. मग लोक विचारतात : एखाद्या लहान मुलीवर अत्याचार करून तिला मारून टाकतात, अख्खा जिल्हा पेटून उठतो, त्या दिवशी तुम्ही काय बोलता? कुणी काळजीने विचारतं, कुणी संतापून. तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगते.

त्या दिवशी आम्ही फाशीबद्दल काहीही बोलत नाही.

बातमीदारांचा फोन येतोच. "ताई, सगळे फाशी मागतायत, तुमची बाजू दोन ओळींत द्या, चौकट करतो." विचारणारा बहुतेक वेळा भल्या मनाने विचारत असतो. तरी मी नाही म्हणते. ज्या घरात अजून दहावं-तेरावं व्हायचंय, तिथल्या बापाने सकाळी पेपर उघडावा आणि मुलीच्या बातमीशेजारी आरोपीच्या जिवाची काळजी करणारी चौकट वाचावी, हे मला सहन होत नाही. शिवाय त्या चौकटीने कुणाचंही मत बदलत नाही. संस्थेत यावर वाद झालेत. काही सहकारी म्हणतात, आपण गप्प बसलो की समोरच्यांना रान मोकळं मिळतं. मला वाटतं, त्या दिवशी बोलण्याचा हक्क त्या घराचा आहे. तो कुणी मागायलाही जाऊ नये.

फोन मात्र त्या दिवशी मी खूप करते. मुलीचा फोटो हार घालून व्हॉट्सॲपवर फिरायला लागलेला असतो, खाली तिचं नाव, गाव, शाळा. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याचं कलम २३ आणि भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ पीडितेची ओळख उघड करायला मनाई करतात. हे ग्रुप चालवणाऱ्यांना सांगितलं की बहुतेक जण लगेच फोटो काढून टाकतात. फोटो टाकण्यामागे वाईट हेतू नव्हता, तो दुःखातून टाकला होता, हे त्यांच्या आवाजातच ऐकू येतं.

दुसरा फोन वकिलांना. अशा वेळी वकील संघटना ठराव करतात, आरोपीचं वकीलपत्र कुणीही घ्यायचं नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० सालीच असे ठराव बेकायदा ठरवले आहेत. पण मी कायद्याचं नाव काढत नाही. मी एवढंच सांगते की वकिलाशिवाय चाललेला खटला वरच्या न्यायालयात टिकत नाही. तो परत खाली आला की साक्षीदार परत उभे, आणि त्या मुलीच्या आईला सगळं परत सांगावं लागतं. ज्येष्ठ वकिलांना हे चटकन पटतं, कारण त्यांनी असे खटले परत आलेले पाहिलेत.

मग आम्ही बोलतो कधी? जेव्हा जिल्ह्यात असं काही घडलेलं नसतं तेव्हा. उन्हाळी शिबिरात, शिक्षकांच्या प्रशिक्षणात, पत्रकारितेच्या वर्गात. डोकं शांत असतं तेव्हाच माणूस विचारतो, "फाशी सुनावल्यावर पुढं नेमकं काय होतं?" माझ्या कामात याच्याइतका मोलाचा प्रश्न दुसरा नाही.

२०१६ साली कोपर्डीत एका शाळकरी मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला, त्यानंतर साताऱ्यात आणि सांगलीत मूक मोर्चे निघाले. मीही त्या गर्दीत चालले. त्या मुलीला न्याय मिळावा ही मागणी माझीही होती आणि आजही आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये सत्र न्यायालयाने तिघांना फाशी सुनावली आणि बऱ्याच जणांना वाटलं की विषय मिटला. खरं तर तिथून सुरुवात होते. सत्र न्यायालयाची फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. त्यानंतर सर्वोच्च न्यायालय, मग खुल्या न्यायालयात तीन न्यायमूर्तींसमोर फेरविचार, मग राज्यपाल आणि राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज.

आपल्या भागात हे समजवायला लहान मुलं पळवून मारल्याचं कोल्हापूरचं बालहत्याकांड पुरतं. सत्र न्यायालयाने २००१ साली दोन बहिणींना फाशी सुनावली. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली ती कायम केली. राष्ट्रपतींनी २०१४ साली दयेचा अर्ज फेटाळला. आणि जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सरकारी दिरंगाईमुळे फाशीची जन्मठेप केली. पहिल्या निकालापासून वीसहून अधिक वर्षं. ज्यांची लेकरं गेली, त्या आईबापांनी ही वर्षं दर दोन-चार वर्षांनी नवी तारीख, नवी बातमी, टीव्हीवर तेच जुने फोटो बघत काढली. पहिल्याच दिवशी जन्मठेप झाली असती तर ती घरं निदान या फेऱ्यातून सुटली असती. सरकारने त्यांना फाशीचं वचन दिलं आणि ते स्वतःच्याच दप्तरात अडकवून ठेवलं. पीडितांच्या नावाने चालणारी ही शिक्षा पीडितांनाच सर्वात जास्त रखडवते, आणि मला तिची सर्वात जास्त चीड येते ती इथे.

दुसरं प्रकरण नाशिकजवळचं. तेही मी प्रत्येक ठिकाणी सांगते. २००३ साली एका शेतकरी कुटुंबावर दरोडा पडला, खून झाले, बलात्कार झाले. भटक्या समाजातल्या सहा जणांना पकडलं. सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची जन्मठेप केली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांची फाशी पुन्हा कायम केली. आणि ५ मार्च २०१९ ला त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. त्यातला एक घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. वाचलेल्या साक्षीदाराने पोलिसांकडच्या फोटोंतून वेगळीच चार माणसं ओळखली होती, त्यांचा तपासच झाला नव्हता. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई द्यायचा आदेश झाला. सोळा वर्षं तुरुंगात गेली होती. २००९ नंतर सरकारने चपळाई दाखवली असती तर २०१९ चा निकाल वाचायला ते नसते. आणि ज्या कुटुंबाचं रक्त सांडलं त्यांना त्या निकालापर्यंत खरा गुन्हेगार मिळालेला नव्हता. हे सांगितल्यावर वर्गात बराच वेळ कुणी बोलत नाही. मग कुणीतरी हमखास विचारतं, "पण त्यांना वकील नव्हता का?" असतो, सर. पण कुठला, किती अनुभवाचा, किती वेळ देणारा? २०१९ सालीच सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की जिथे फाशी होऊ शकते तिथे न्यायालयाने नेमलेल्या वकिलाला किमान दहा वर्षांचा अनुभव हवा. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६ साली फाशीच्या कैद्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातले जवळपास तीन चतुर्थांश कैदी आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरांतले होते.

साताऱ्यात याला एक ठरलेलं उत्तर मिळतं : पेशवाईतले न्यायाधीश रामशास्त्री. त्यांचं माहुली इथून हाकेच्या अंतरावर. "आपल्या मातीतल्या माणसाने देहांत प्रायश्चित्त सांगितलं होतं, आणि तुम्ही साताऱ्यात बसून विरोध करता?" मला हा प्रश्न आवडतो, कारण विचारणाऱ्याला न्यायाचं प्रेम असतं. पण रामशास्त्र्यांनी ते कुणाला सांगितलं? नारायणराव पेशव्यांच्या खुनाबद्दल खुद्द रघुनाथरावांना, म्हणजे त्या घडीला राज्यातल्या सर्वात बलवान माणसाला. त्यांचं मोठेपण त्या धैर्यात आहे. आज येरवड्याला आणि नागपूरला फाशी यार्डात कोण बसलंय ते बघा. तिथे मला रघुनाथराव दिसत नाहीत. ज्याचा बाप ऊसतोडीला जातो आणि ज्याच्या आईला खटल्याची तारीख कधी होती हे शेजाऱ्याकडून कळतं, तो दिसतो.

याच गावात १९०० साली भीमराव नावाचा मुलगा राजवाड्यातल्या शाळेत दाखल झाला. ७ नोव्हेंबरला आपण त्या प्रवेशाची आठवण म्हणून विद्यार्थी दिवस पाळतो. त्याच डॉ. आंबेडकरांनी ३ जून १९४९ ला संविधान सभेत सांगितलं की फाशीच्या खटल्यांत अपील कुठवर द्यायचं यावर वाद घालण्यापेक्षा फाशीच रद्द करायला मी पाठिंबा देईन. शाळांमध्ये विद्यार्थी दिवसाची भाषणं होतात, त्यात हे वाक्य मी कधी ऐकलं नाही. म्हणून दर नोव्हेंबरात आम्ही ते छापून शाळांना पाठवतो.

एक गोष्ट मात्र मी भाषणात सांगत नाही. ती बायकांच्या बैठकीत, हळू आवाजात निघते. माण तालुक्यातल्या एका बाईने मला विचारलं, "ताई, तक्रार दिली तर त्येला फाशी देत्यात व्हय?" तो तिच्या नवऱ्याचा भाऊ होता. २०१८ साली बारा वर्षांखालच्या मुलीवरच्या बलात्काराला फाशीची तरतूद झाली, २०१९ साली पोक्सोमध्येही ती आली. टाळ्या पडल्या. पण सरकारी आकडेवारीच सांगते की बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. काका, शेजारी, सावत्र बाप. घरातल्या माणसाच्या गळ्यात दोर पडणार म्हटल्यावर सासू, नणंद, नवरा सगळे त्या आईवर तुटून पडतात. दिल्लीच्या निर्भया प्रकरणानंतर नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीने २०१३ साली बलात्काराला फाशीची शिफारस केली नव्हती, आणि स्त्री संघटनांनीही ती मागितली नव्हती. त्या बाईला मी खरं ते सांगितलं : न्यायाधीश फाशी देऊ शकतात, पण द्यावीच लागते असं नाही, आणि मुलीला वाचवायचं असेल तर तक्रार आजच दे. तिने दिली. पुढचं मी इथे लिहिणार नाही, ते तिच्या मुलीचं आहे.

तुरुंगातल्या माणसाबद्दलही आम्ही जपून लिहितो. २०२२ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की फाशी द्यायची की नाही हे ठरवण्याआधी आरोपीचं बालपण, शिक्षण, घरची स्थिती, मानसिक आरोग्य, तुरुंगातलं वागणं हे सगळं न्यायालयापुढे यायला हवं. ही माहिती गोळा करणारी माणसं गावोगाव फिरतात, शाळेचा दाखला शोधतात, जुन्या मास्तरांना भेटतात. त्यात हृदय हलवणाऱ्या गोष्टी सापडतात. प्रसिद्धीचं काम करणाऱ्याला त्या छापायचा मोह पडणारच. आमचा नियम पक्का आहे : ती माहिती आधी न्यायालयाची. खटला चालू असताना पेपरात छापून आली तर तिची किंमत जाते, आणि पीडित कुटुंबाला ती दयेची भीक वाटते.

हल्ली एक चांगलं झालंय. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतं, सातारा आणि सांगलीसकट सहा जिल्ह्यांसाठी. मुंबईला जायचं म्हणजे रात्रीची गाडी, राहायची सोय, बुडालेली मजुरी. आता पीडितेचा बाप आणि आरोपीची आई दोघंही सकाळच्या एसटीने जाऊन सुनावणीला बसू शकतात. न्याय डोळ्यांनी पाहिला तर त्याच्याबद्दलचं बोलणं बदलतं, असा माझा विश्वास आहे.

आणि शेवटचा प्रश्न, जो खरं तर पहिल्या प्रश्नाच्या पोटात असतो. "मग काय, चौदा वर्षांनी सुटून येऊ द्यायचा?" जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं हा समज इतका खोल गेलाय की फाशीची निम्मी मागणी त्यावरच उभी आहे. जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत कैद. खुनासारख्या गुन्ह्यात चौदा वर्षं पुरी झाल्याशिवाय सरकारला सुटकेचा विचारही करता येत नाही, आणि चौदा वर्षांनी सुटका हा कुणाचा हक्क नाही. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढचं पाऊल टाकलं : फाशी न देता वीस वर्षं, तीस वर्षं किंवा उरलेलं सगळं आयुष्य, शिक्षेत कुठलीही सूट न देता तुरुंगात ठेवायचा आदेश वरची न्यायालयं देऊ शकतात. २०१५ साली घटनापीठाने तेच कायम केलं. मोर्चात फाशी मागणाऱ्या कितीतरी बायांशी मी नंतर निवांत बोलले. त्यांना हवं होतं ते एवढंच की तो पुन्हा आपल्या आळीत दिसू नये. त्याची सोय कायद्यात आजच आहे, आणि त्यासाठी कुणाचा जीव घ्यावा लागत नाही. गावोगाव वाटायच्या आमच्या पत्रकात पहिला परिच्छेद हाच असतो. फाशीच्या विरोधातला मजकूर त्यानंतर येतो.