शेवटच्या पाटीवरची अडुसष्ट वर्षे

काल रात्री भगतसिंगांच्या सहकारी क्रांतिकारक दुर्गाभाभींवरचा लघुपट पाहिला आणि आज दिवसभर त्याची शेवटची पाटी मनातून जात नाही. २३ मार्च १९३१ ची फाशी झाली की पडदा काळा होतो आणि त्यावर एवढेच उमटते, की दुर्गावती देवी १९९९ साली गाझियाबादला वारल्या. मधली अडुसष्ट वर्षे कुठे गेली?

लाहोर स्टेशनचा प्रसंग सुरेख उतरला आहे. ब्रिटिश पोलीस अधिकारी साँडर्सच्या वधानंतर शहरभर पोलीस, केस कापून हॅट चढवलेले भगतसिंग, नोकराच्या वेषात राजगुरू, सोबत तिचा लहानगा मुलगा शची आणि या सगळ्यांना निभावून नेणारी पंचविशीही न गाठलेली ही बाई. पकडले गेलो तर मुलाचे काय, हे त्या अभिनेत्रीने नुसत्या नजरेतून दाखवले. रावीकाठी बॉम्बची चाचणी घेताना तिचे पती भगवतीचरण गेले, त्याला मात्र जेमतेम दोन मिनिटे मिळाली. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर तिने केलेला गोळीबार तर आलाच नाही, असो.

मला सलते ते पुढचे. १९४० मध्ये याच बाईंनी लखनौला माँटेसरी शाळा काढली आणि जिने पिस्तूल हाताळले होते ती लहान मुलांना शिकवू लागली. हे क्रांतीनंतरचे उरलेसुरले आयुष्य होते, असे ती पाटी न बोलता सुचवते. संध्याकाळी वह्या तपासताना वाटले, की रोज वर्गात उभे राहून झिजणाऱ्या आमच्यासारख्यांची कुणी एक ओळही लिहिणार नाही, आणि डोळे भरून आले.

मग वाटले, की दुर्गाभाभींनी त्या ओळीची वाट पाहिलीच नसावी. स्वातंत्र्यानंतर मानमरातबाच्या मागे न लागता त्या शाळेतच रमल्या. ज्या समतेसाठी त्यांचे सोबती फासावर गेले, ती मुलांच्या बाकांवर रुजवायला त्यांना घोषणांची गरज भासली नसेल, आणि त्या कामाला कॅमेऱ्याची गरज तर मुळीच नव्हती. मग मला तरी ती का असावी? सल पूर्ण गेलेला नाही, पण तो आता माझ्यापुरता राहिलेला नाही.

सोमवारी नववीच्या मुलींना हा लघुपट दाखवणार आहे. पाटी आली की तो तिथेच थांबवून लखनौच्या शाळेपासून पुढचे मी तोंडी सांगेन.