तुम्ही विचारलंत म्हणून: गेमसाठी इंजिन कुठलं?

दिवसा मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब लिहितो आणि रात्री गेम बनवतो. हे कळल्यापासून कॉलेजची पोरं भेटली की विचारतात, "दादा, कुठलं इंजिन घेऊ? युनिटी, अनरियल की गोडो?" इंजिन म्हणजे ज्यात गेम बनवतात ते सॉफ्टवेअर.

मी आधी त्यांचा लॅपटॉप विचारतो. माझा 8 जीबी रॅमचा, जुना. अनरियल डाउनलोड करायलाच कितीतरी जीबी जातात. त्यातला उजेड, दगड, पाणी बघून डोळे दिपतात, खोटं कशाला बोलू. पण एकट्याने टूडी, म्हणजे सपाट चित्रांचा, गेम करायला ते घेणं म्हणजे पावशेर हळदीसाठी ट्रक बोलावणं.

युनिटीचे शिकवणारे व्हिडिओ ढिगाने मिळतात, आणि नोकरी हवी असेल तर त्यातली प्रोग्रामिंगची भाषा, सी शार्प, शिकलेली कामी येते. 2023 च्या सप्टेंबरात त्यांनी ठरावीक मर्यादेपुढे दर इन्स्टॉलमागे पैसे घ्यायचं जाहीर केलं तेव्हा बरीच मंडळी उठून गोडोकडे गेली. वर्षभराने ते मागे घेतलं. माझा गेम खेळणारे सतरा जण, त्यातले चार घरचे. मला काय झळ बसणार होती?

मला गोडोकडे नेलं ते वेलांटीने. माझ्या गेममध्ये कृष्णेला पूर येतो आणि पाणी चढायच्या आत म्हशी वरच्या मजल्यावर न्यायच्या असतात. बसथांब्यावर पाटी लावली, 'विश्रामबाग'. पडद्यावर वेलांटी 'व'च्या मागे जाऊन बसली आणि 'श्रा' फुटून 'श्' वेगळा, 'रा' वेगळा. बायको म्हणाली, "हे कुठलं गाव?" काही इंजिनांना अक्षरं एकामागे एक मांडता येतात, जोडाक्षर जुळवता येत नाही. गोडोच्या तिसऱ्या आवृत्तीलाही येत नव्हतं. 2023 ला चौथी आली, तिला येतं. मराठी फाँट टाकला, पाटी सरळ झाली.

बाकी गोडो फुकट, झिप सोडवली की इन्स्टॉल न करता चालू, आणि त्याची प्रोग्रामिंगची भाषा, जीडीस्क्रिप्ट, पायथन भाषा येणाऱ्याला परकी वाटत नाही. अँड्रॉइड फोनसाठी एसडीके, म्हणजे ॲप बनवायच्या साधनांचा संच, वेगळं जोडावं लागतं, त्याला एक रविवार धरून ठेवा.

सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 40 फुटांना गेलं की इशारा, 45 ला धोका. तेच आकडे गेममध्ये घेतलेत. पाणी बरोबर चढतं. म्हैस मात्र अजून तिसऱ्या पायरीवर अडकते.