जात्यापाशी बैल कुठून आला? (आणि डबे मोडीत)

आकडे पाठ करायच्या सरावाची तीन आठवडे नोंद नाही, कारण गुण हलतच नव्हते. रविवारी मात्र असा आपटलो की लिहिल्याशिवाय राहवेना.

वाट तीच, आजोळच्या घराची: मनातल्या मनात त्या घरातून चालायचं आणि ठरलेल्या ठिकाणी आकड्यांची चित्रं ठेवत जायचं. बेड्यापासून (कुंपणाच्या फाटकापासून) न्हाणीपर्यंत ३० ठिकाणं. आकड्यांना कटपयादि (दर व्यंजनाला एक आकडा, म्हणजे आकड्यांचा शब्द होतो), डावीकडून उजवीकडे (‘अंकानां वामतो गतिः’, म्हणजे आकडे उजवीकडून वाचायचे, हे मी केव्हाच सोडलं, डोकं उलटं चालत नाही). दर ठिकाणी दोन आकड्यांचं एक चित्र, म्हणजे फेरीला ६० आकडे. रविवारी दहा-दहा मिनिटांच्या अंतराने चार फेऱ्या केल्या. गुण: ६०, ५४, ४२, ३८.

पहिली फेरी बघा! साठपैकी साठ, आयुष्यात पहिल्यांदा. त्या आनंदात आल्याचा चहा केला आणि तिथून घसरगुंडी.

चौथ्या फेरीत ११ ठिकाणं चुकली. डोकं फिरवणारी गोष्ट अशी की त्यातली सात रिकामी नव्हतीच. माजघरात आलो तर जात्याच्या खुंट्याला बैल बांधलेला, शेपटीने पीठ उडवतोय. इतका लख्ख की बिनधास्त ३३ लिहिलं. हवं होतं ८४, दिवा. बैल दुसऱ्या फेरीतला! बाकीची सहाही अशीच भुतं, आधीच्या कुठल्या ना कुठल्या फेरीतली.

मागच्या नोंदीत मी ॲटकिन्सन-शिफ्रिन या मानसशास्त्रज्ञांच्या १९६८ च्या स्मृतीच्या डब्यांवर मोठं व्याख्यान झोडलं होतं. अल्पकालीन डब्यातून दीर्घकालीन डब्यात माल नीट उतरत नाही, म्हणून घोकणं वाढवायचं, असा माझा हिशेब. तेव्हापासून दर ठिकाणी चारऐवजी सहा सेकंद दिले. झालं काय, भुतं आणखी धष्टपुष्ट झाली. माल उतरत होता, जरा जास्तच उतरत होता. ते व्याख्यान मागे घेतो.

निदान मी चित्रं न बघता आकडेच पुटपुटत तर नाही ना, हे तपासायला बॅडली-हिच (१९७४) यांच्या प्रयोगशाळेतली जुनी युक्ती केली: पाठ करताना सतत काहीतरी निरर्थक बोलत राहायचं, म्हणजे मनातल्या आवाजाची फीत अडकून पडते. मी ‘राम राम राम’ लावलं. (स्वयंपाकघरातून विचारणा झाली, बरं आहे ना?) नुसते ऐकलेले नऊ आकडे पाचावर आले, पण वाटेवरची पहिली फेरी जवळपास तशीच राहिली. म्हणजे चित्रं फितीवर नाहीत. या प्रयोगासाठी आकडे बोलणारं एक ॲप घेतलं होतं, ते सात आणि आठ असे गिळतं की पैसे वाया गेले. शेवटी मेट्रोनोम लावून स्वतःच्याच आवाजात ध्वनिमुद्रण केलं. तेच करा.

मग भुतं का? पीटरसन दांपत्याचा १९५९ चा प्रयोग आठवा: तीन अक्षरं द्यायची, आकडे उलटे मोजायला लावायचे, १८ सेकंदांत जवळपास सगळं साफ. आपण सगळे त्याला ‘विरून जाणं’ म्हणतो. पण केपेल आणि अंडरवुड यांनी १९६२ मध्ये दाखवलं की अगदी पहिल्या फेरीत जवळपास काहीच विसरलं जात नाही, विसरणं पुढच्या फेऱ्यांत साचत जातं. माझे गुण हुबेहूब तसेच पडले! जुनं नव्याच्या आड येतं.

उतारा विकेन्सच्या प्रयोगात आहे. चौथ्या फेरीत सगळ्यांना फळांची नावं दिली. आधीच्या तीन फेऱ्यांत व्यवसायांची नावं ऐकलेल्यांची आठवण झकास सुधारली, भाज्या ऐकलेल्यांची थोडीच. शब्दांची जात बदलली की भूत उतरतं. म्हणून ठरवलं, सम फेऱ्यांना वस्तू, विषम फेऱ्यांना माणसं. म्हणजे आणखी १०० चित्रं. चित्रं घोटवायला अंकी या उजळणीच्या ॲपला तोड नाही, पण तरी दोन महिने गेलेच समजा. ६१ ला ‘ताक’ सोडून माणूस शोधताना घाम फुटला.

इथवर लिहिलं आणि गार्डिनर, क्रेक, बर्टविसल (१९७२) आठवले. त्यांनी फुलांची नावं दिली होती, शेवटच्या फेरीत मात्र रानफुलं आणि बागेतली फुलं यांत गुपचूप अदलाबदल केली. कोणाच्या लक्षात आलं नाही. पण आठवायच्या वेळी नुसतं नव्या गटाचं नाव सांगितलं तरी गुण सुधारले. म्हणजे माल आत होताच, हाक चुकीची पडत होती. मग चित्रं कशाला बदलू? घराचा ऋतू बदलतो! एक मे महिन्यातलं घर: पडवीत आंब्याची अढी, गवताचा वास. एक आषाढातलं: कौलं गळतायत, उंबऱ्याशी पाणी. ठिकाणं तीच, हाक वेगळी. माणसांची यादी तूर्त रद्द.

आणखी एक मूर्खपणा कबूल करतो. ८६ ला माझं चित्र ‘जातं’ आहे आणि सतरावं ठिकाणही जातं. जात्यावर जातं ठेवलं की दिसणार काय, कपाळ? आता ८६ ला हत्ती. जोडाक्षरातलं शेवटचंच व्यंजन धरायचं, तेव्हा बसतो. पण जुनं चित्र पुसायला दोनेक आठवडे जातील.

आत्ताच जेवणानंतर घाईने दोन फेऱ्या केल्या. मेच्या घरात ५८, लगेच आषाढातल्या घरात ५६. जात्यापाशी पुन्हा बैल उभा होता. पण वरून धो धो गळत असताना हा गडी ठणठणीत कोरडा. हाकलला, मागे मोर सापडला, नखशिखांत भिजलेला. ५२ लिहिलं, बरोबर निघालं.