तुम्ही विचारलंत म्हणून: विमान हवेत टांगून काय मिळतं?

लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, एकदा तर दवाखान्यात नंबरची वाट बघताना विचारलं गेलं, "ते रिमोटचं विमान अजून उडवता का हो? आणि उडवायचं सोडून हवेत एका जागी उभं कशाला करता? त्यापेक्षा ड्रोन घ्या की, आपोआप थांबतोय." पाठोपाठ सांगलीकरांचा ठरलेला टोमणा: "कवलापूरचा विमानतळ व्हायचा तेव्हा होईल, तुमचं मात्र चालू झालं." विमानतळाचं मी हसून घेतो. पहिल्या प्रश्नाला मात्र मी दर वेळी वेगळं उत्तर दिलंय आणि विचारणाऱ्यांनी आता ती उत्तरं एकमेकांशी ताडून बघायला सुरुवात केलीय. म्हणून एकदाचं लिहितोच.

ड्रोन आपोआप थांबतो, खरं आहे. त्याच्यातला जायरो (कललेलं ओळखून सावरणारा भाग) आणि जीपीएस त्याला तोलून एका जागी धरत असतात. स्टिक सोडून तुम्ही तंबाखू मळत बसलात तरी तो तिथंच. विमानाचं तसं नाही. नाक आभाळाकडं, शेपूट जमिनीकडं आणि पुढं जायचा वेग शून्य. पंखांना कामच उरत नाही. सगळं वजन प्रोपेलरच्या ओढीवर टांगलेलं. माझं फोमचं विमान साधारण 700 ग्रॅमचं आहे. त्याला निदान किलोभर ओढ असली तरच अडचणीत वर निसटायला जीव राहतो. शेपटीवरच्या हलत्या फळ्या, म्हणजे नाक डावी-उजवीकडं नेणारा रडर आणि वर-खाली करणारा एलिव्हेटर, चालतात ते प्रोपेलरनं मागं फेकलेल्या वाऱ्यावर, म्हणून ते एवढे थोराड असतात आणि 45 अंशांपर्यंत वळतात. दूध उतू येताना गॅसचं बटण जसं सारखं कमी-जास्त करतो तसं थ्रॉटलचं, म्हणजे मोटरच्या जोराचं, आणि ते संपूर्ण वेळ.

त्यात टॉर्क, म्हणजे प्रोपेलरच्या फिरण्याचा उलटा पीळ. मागून बघितलं तर प्रोपेलर उजवीकडं फिरतो, त्यामुळं विमान स्वतः डावीकडं फिरायला बघतं. ते उजवा एलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेची हलती पट्टी) देऊन धरायचं. धरलं नाही तर विमान स्वतःभोवती गरगरतं आणि तिथून पुढं खरं दुखणं सुरू होतं. कॅनोपी, म्हणजे विमानाची पाठ, तुमच्याकडं असली तर उजवा रडर नाक उजवीकडं नेतो. पोट तुमच्याकडं आलं की तोच उजवा रडर नाक डावीकडं नेतो. हे कागदावर काढून कुणालाही पटवता येतं. अंगठ्यांना पटायला माझा एक अख्खा पावसाळा सिम्युलेटरवर गेला, आणि बायकोनं त्या पावसाळ्यात माझ्याशी काय काय बोलायचं टाळलं ते इथं लिहीत नाही.

भाचा विचारतो, खऱ्या विमानाला जमतं का? जमलंय. 1954 साली अमेरिकन नौदलासाठी कॉनव्हेअर कंपनीनं केलेलं पोगो नावाचं विमान शेपटीवर उभं राहून उडलं आणि तसंच उतरलं. त्याला एकमेकांच्या उलट फिरणारे दोन प्रोपेलर होते, म्हणजे टॉर्कची कटकट मिटली. पण उतरताना वैमानिकाला मान वळवून खांद्यावरून खाली बघत यावं लागायचं. ते सगळ्यांना झेपणारं नव्हतं, प्रकल्प गुंडाळला. ही गोष्ट मी रंगवून सांगतो. तेवढ्यात मूळ प्रश्न विसरला जातो, हाही फायदा.

आता ती सकाळ, जिचा व्हिडिओ तुमच्यातल्या निम्म्या लोकांच्या फोनवर आहे.

वैशाख. कवलापूरच्या बाजूला चुलतभावाचं रान, ऊस तुटून गेलेला, नांगरून फळी मारलेली. वारा पडला होता. पलीकडच्या बेदाण्याच्या शेडची हिरवी जाळीसुद्धा हलत नव्हती. घरचे सगळे बांधावर. आधी बऱ्याच उंचीवर विमान उभं केलं, मग थ्रॉटल मोजून सोडत शेपूट माझ्या छातीएवढ्या उंचीपर्यंत खाली आणली. बांधावरची बडबड थांबली. एवढं खाली, एवढं स्थिर मला त्याआधी कधी जमलं नव्हतं. तेवढ्यात टॉर्कनं ते फिरलं आणि पोट माझ्याकडं आलं. आणि चुलतभावाचा धाकटा शेपूट धरायला हात वर करून धावला.

अशा वेळचा नियम एकच, तोही पहिल्या दिवशी शिकायचा: फुल थ्रॉटल, सरळ वर. मी उलट केलं. थ्रॉटल पूर्ण बंद. विमान शेपटीवर आदळलं, एलिव्हेटर बिजागरीपासून निघाला, रडर हलवणाऱ्या छोट्या मोटरचे, सर्व्होचे, दात गेले. पोरगं दोन पावलांवर थबकलं आणि रडायला लागलं. व्हिडिओ काढणाऱ्यानं फोन विमानावर रोखला होता, त्यामुळं त्यात पोरगं नाहीच. विमान पडतं आणि कुणीतरी ओरडतं, "पडलं, पडलं!" मागं हशा. बस्स.

मी सगळ्यांना सांगितलं की पोरासाठी पाडलं. नाक त्याच्या बाजूला कललं होतं. फुल थ्रॉटल दिला असता तर विमान वर जायच्या आधी आडवं त्याच्याकडं गेलं असतं, फिरत्या प्रोपेलरसकट. हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. पण नाक कललं का होतं? पोट माझ्याकडं होतं आणि कुठला रडर द्यायचा हे क्षणभर सुचत नव्हतं. पोरगं आलं नसतं तर मी ते सावरलं असतं का? काही दिवस मला वाटतं, नक्की. काही दिवस वाटतं, पोरानं मला पाडायला सभ्य कारण दिलं.

तुम्ही "पडलं की!" म्हणता तेव्हा मी चिडतो ते ह्यामुळं. माहीत नसल्यागत बोलता म्हणून नव्हे.

त्यानंतर मी विमानात जायरो असलेला रिसीव्हर (रिमोटचा इशारा झेलणारा भाग) बसवला. एके काळी असा रिसीव्हर वापरणाऱ्यांना मी हिणवत असे: मग ड्रोनच घ्या ना! म्हणजे तुमचाच प्रश्न, माझ्या तोंडचा. आता हातातल्या रिमोटवर जायरोचा स्विच आहे. माणसं असली की चालू. एकटा असलो की बंद, आणि मग जुना मी खूश. पण जायरो विमान सरळ धरतो. पोरगं धावत आलं तर वर न्यायचं की खाली टाकायचं, हे त्याच्या कामात बसत नाही. ड्रोन असता तरी ते मलाच ठरवावं लागलं असतं, हेही कबूल. मग हट्ट कशाचा, हे मला अजून धड सांगता येत नाही.

सध्या सर्व्हो बदललाय, रानाच्या कडेनं दोरी बांधतो. बघायला यायचं तर सकाळी सातच्या आत या, नंतर वारा सुटतो. आणि उभं माझ्या पाठीमागं राहायचं, फोन काढायचाच असेल तर तिथून.