पूर बँकेने आणला नाही, पण तीन वर्षं गप्प कोण बसलं?

गृहकर्ज फिटून ३७ दिवस झाले होते. चिपळूणच्या शाखेत काकांपुढे सहीसाठी दोन कागद ठेवलेले: एक प्रतिज्ञापत्र, एक हमीपत्र. प्रतिज्ञापत्रात टाईप केलं होतं, ‘मूळ दस्त माझ्याकडून गहाळ झाले आहेत.’ काका पेन उघडून बसले होते. मी कागद उलटा केला आणि साहेबांना विचारलं, दस्त कोणाच्या ताब्यात होते?

उत्तर आलं, “पुरात गेले हो. २२ जुलै २०२१. खालच्या मजल्यावरची कपाटं पाण्यात होती, सगळ्या गावाला माहीत आहे.”

गावाला माहीत होतं. काकांना मात्र बँकेने एका ओळीनेही कळवलं नव्हतं, आणि खरं प्रकरण तिथेच होतं.

काकांनी एक गोष्ट जपून ठेवली होती: कर्ज घेताना बँकेने सही-शिक्क्यानिशी दिलेली दस्तांची यादी. अकरा कागद, प्रत्येकापुढे पानांची संख्या आणि ‘मूळ’ की ‘झेरॉक्स’ हा शेरा. ही यादी नसली की ‘एवढेच कागद होते’ म्हणायला बँक मोकळी.

रिझर्व्ह बँकेचं १३ सप्टेंबर २०२३ चं परिपत्रक १ डिसेंबर २०२३ पासून लागू झालं. कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ दस्त परत द्यायचे आणि मालमत्तेवर नोंदवलेला कर्जाचा बोजाही उतरवायचा. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये. दस्त हरवले किंवा खराब झाले तर नकला मिळवायला मदत बँकेने करायची, खर्चही तिचाच. त्यासाठी आणखी ३० दिवस मिळतात, म्हणजे दंड ६० दिवसांनंतर मोजायचा.

या शेवटच्या कलमानेच काम झालं. साहेब ‘हरवले’ असं लेखी द्यायला तयार नव्हते. त्यांना दाखवलं, की हरवल्याचं मान्य केलं नाही तर हा साधा उशीर ठरतो आणि दंड ३१व्या दिवसापासून चालू झालाय. मान्य केलं तर अजून तेवीस दिवस हातात आहेत. वरिष्ठ कार्यालयाला फोन झाला आणि चार वाजता पत्र मिळालं. काकांची सही कशावरच झाली नाही. पोलिसांत गहाळ झाल्याची तक्रार बँकेनेच दिली. जाहीर नोटीस दोन दैनिकांत दिली, त्यातलं एक मुंबईत वाचलं जाणारं, कारण आपल्याकडच्या जमिनीचे निम्मे हिस्सेदार मुंबईतच असतात. नोटीस उपचार म्हणून देऊ नये. मूळ खरेदीखत भलत्याच्या हाती लागलं तर तो दुसरीकडे ते ठेवून कर्ज उचलू शकतो.

नोंदणीकृत कागदांची फारशी चिंता नसते. खरेदीखताची प्रमाणित नक्कल दुय्यम निबंधकाकडे मिळते, आणि नोंदणी कायद्याच्या कलम ५७ नुसार मूळ दस्तातला मजकूर सिद्ध करायला ती चालते. विक्रेत्याच्या वडिलांचं १९८७ चं खरेदीखत शोधायला हाताने लिहिलेली सूची चाळावी लागली. गाव, वर्ष आणि दोन्ही पक्षांची नावं बरोबर असतील तरच नोंद हाती लागते. बिनशेती आदेशाची नक्कल महसूल दप्तरातून आली. सातबाऱ्याच्या इतर हक्कातला बोजा तेवढा राहिलाच होता. तलाठ्याला बँकेचं पत्र गेल्याशिवाय बोजा उतरवण्याचा फेरफार होत नाही, आणि ते पत्र काकांनी आठवण करेपर्यंत निघालं नव्हतं.

अडला तो यादीतला सातवा कागद. विक्रेत्याच्या चुलतभावाचं, विक्रीसाठी नोटरीपुढे केलेलं संमतीपत्र. ते नोंदवलेलं नव्हतं, त्यामुळे सरकारी दप्तरात नक्कल नाही. तो चुलतभाऊ २०२३ मध्ये वारला. बँकेने २०२१ लाच कळवलं असतं तर डोंबिवलीला जाऊन त्याच्याकडून नवा कागद नोंदवून घेता आला असता. आता त्याच्या दोन वारसांकडून पुष्टीपत्र घ्यायचं. मुलीने सही केली. मुलगा म्हणतो, “आमचा हिस्सा किती, ते आधी सांगा.”

बाकीच्या नकला ९८व्या दिवशी हातात आल्या. ६० वजा जाता ३८ दिवस, म्हणजे १,९०,००० रुपये. बँकेने आधी ‘नैसर्गिक आपत्ती’ असं उत्तर दिलं. आम्ही लिहिलं, की आपत्ती २०२१ ची, उशीर २०२४ चा. रक्कम खात्यात जमा झाली.

संमतीपत्राचं नुकसान त्या दंडात बसत नाही, आणि परिपत्रकानेही इतर भरपाईचा हक्क शाबूत ठेवलाय. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार वकिलामार्फत करता येत नाही, आणि एकाच कारणासाठी तिथे आणि ग्राहक आयोगात एकाच वेळी जाता येत नाही. काकांनी रत्नागिरीचा जिल्हा आयोग निवडला. तिथे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. ती बँकेच्या चार वाजताच्या पत्रापासून धरून तक्रार दाखल केली आणि जोडपत्र ‘अ’ म्हणून ती अकरा कागदांची यादी लावली.