निळ्या थरावरचा पिवळा थर

हॅलोजनांच्या (फ्लुओरीन, क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन या गटातील मूलद्रव्यांच्या) विस्थापन अभिक्रिया, म्हणजे जास्त क्रियाशील मूलद्रव्याने कमी क्रियाशील मूलद्रव्याला त्याच्या संयुगातून बाहेर काढणे, शिकवताना मी अभिक्रियाशीलतेचा क्रम फळ्यावर लिहिण्याआधी रसायनशास्त्रज्ञ आंत्वान बालारची हकीकत सांगतो. फ्रान्समधील माँपेलिए येथे तो समुद्रशैवालाच्या राखेच्या द्रावात आयोडीन आहे का, हे स्टार्च आणि क्लोरीनजल घालून तपासत होता. आयोडीनमुळे निळा थर दिसला, यात नवल नव्हते. परंतु त्या थराच्या वर गडद पिवळा थरही होता. मीठ काढून घेतल्यावर मिठागरात उरणाऱ्या कडू पाण्यातही क्लोरीनमुळे तोच पिवळा रंग उमटला आणि १८२६ मध्ये, वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी, बालारने ब्रोमीनचा शोध जाहीर केला. (जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिगकडे हा द्रव आधीच आला होता, पण त्याने तो आयोडीन क्लोराइड समजून बाजूला ठेवला होता.)

बालारला दिसलेल्या थरांमागे हेच विस्थापन होते : क्लोरीन हे ब्रोमाइड आणि आयोडाइड (ब्रोमीन व आयोडीनचे ऋणप्रभारित कण) या दोन्ही आयनांकडून इलेक्ट्रॉन काढून घेऊन त्यांना मुक्त करते, ब्रोमीन फक्त आयोडाइडकडून, तर आयोडीनला या दोघांपुढे काहीच करता येत नाही. प्रमाण क्षपण विभवाचे (इलेक्ट्रॉन ओढून घेण्याचा कल दाखवणारे; जितका मोठा तितका कल जास्त) आकडे हेच सांगतात : क्लोरीन १.३६, ब्रोमीन १.०७ आणि आयोडीन ०.५४ व्होल्ट.

फ्लुओरीनचा आकडा २.८७ आहे. अणू लहान म्हणून इलेक्ट्रॉनची ओढ जास्त, हे त्याचे नेहमी दिले जाणारे स्पष्टीकरण मला अपुरे वाटते, कारण एक इलेक्ट्रॉन स्वीकारताना क्लोरीनचा अणू प्रतिमोल सुमारे ३४९ किलोज्यूल ऊर्जा मुक्त करतो, तर फ्लुओरीनचा ३२८च. फ्लुओरीन वरचढ ठरते ते त्याच्या रेणूतील बंध दुबळा असल्यामुळे (१५८ किलोज्यूल, क्लोरीनचा २४२) आणि इवल्याशा फ्लुओराइड आयनाभोवती पाण्याचे रेणू जमताना भरपूर ऊर्जा बाहेर पडत असल्यामुळे. मात्र हे परीक्षानळीत दाखवता येत नाही, कारण फ्लुओरीन थेट पाण्याशीच अभिक्रिया करते.

प्रयोगशाळेत खरी फसगत रंगांमुळे होते. पाण्यात विरल ब्रोमीन आणि विरल आयोडीन दोन्ही पिवळसरच दिसतात; म्हणून थोडे हेक्झेन (पाण्यात न मिसळणारा, पाण्यावर तरंगणारा द्रव) घालून नळी हलवावी, म्हणजे वरच्या थरात आयोडीन जांभळे आणि ब्रोमीन नारिंगी दिसते. क्लोरीनजल मात्र थेंबाथेंबानेच घालावे, कारण ते जास्त झाले की मुक्त झालेल्या आयोडीनचे रंगहीन आयोडेटमध्ये रूपांतर होते आणि विद्यार्थी वहीत लिहितात, ‘अभिक्रिया झाली नाही.’